सोसायटीच्या ऑनलाइन बैठकीत सभासदांना बोलते कसे करावे

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिच्याआधी रंगकाम, गच्चीची गळती अशा खर्चिक विषयांवर मते अजमावण्यासाठी अनेक कार्यकारी समित्या आता व्हिडिओ बैठक बोलावतात. तिथे सचिव आणि ठरावीक दोघे-तिघेच बोलतात, बाकीचे कॅमेरा बंद करून ऐकतात आणि खरा वाद दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पेटतो.

हे टाळायचे तर तयारी आधीच करावी. कंत्राटदारांची कोटेशने दोन-तीन दिवस अगोदर पाठवावीत आणि ‘रंगकामाबाबत चर्चा’ असे मोघम न लिहिता ‘रंगकाम यंदा दिवाळीनंतर करावे की पुढच्या वर्षी, आणि प्रत्येक सदनिकेमागे किती रक्कम काढावी?’ असा थेट प्रश्न विषयपत्रिकेत मांडावा. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांत बैठक तुटते, त्यामुळे एका वेळी दोनच विषय घ्यावेत. खरे तर सशुल्क खाते असले तरी हेच बरे. फोनवरून येणाऱ्या ज्येष्ठांची जोडणी आदल्या दिवशीच तपासून द्यावी.

बैठक सुरू झाल्यावर अध्यक्षांनी स्वतःचे मत शेवटी सांगावे, कारण ते आधी ऐकले की निम्मे सभासद गप्प बसतात. ‘कोणाला काही बोलायचे आहे का?’ या प्रश्नाला सहसा उत्तर मिळतच नाही. त्याऐवजी ज्याला विषय भिडतो त्याला नाव घेऊन, त्याच्या अनुभवाचेच विचारावे: ‘काकू, गळती तुमच्याच छताला आहे, गेल्या वर्षीचे वॉटरप्रूफिंग कितपत टिकले?’ विचारल्यावर मात्र थांबावे. समोरच्याला माइकचे बटण शोधायला वेळ लागतो, झूममध्ये यजमानाला तो सहसा परस्पर सुरू करता येत नाही, फक्त तशी विनंती पाठवता येते. आणि ही शांतता असह्य होऊन सचिवच पुन्हा बोलू लागले, तर काकू पुढच्या वेळी माइकला हात लावणार नाहीत.

उंचावलेले हात आणि चॅट यांकडे लक्ष ठेवण्याचे काम समितीतल्या दुसऱ्या सदस्याकडे द्यावे. चॅटमध्ये लिहिलेले मत त्याने नावानिशी मोठ्याने वाचावे. कॅमेरा सुरू करण्याची सक्ती नको; एका खोलीच्या घरात मागे स्वयंपाक चालू असतो.

शेवटी मौनाला संमती न समजता प्रत्येक पर्यायावर हात वर करून घ्यावेत, टिपणाचा मसुदा पडद्यावर दाखवावा आणि विरोधी मतही त्यात नोंदवून सगळ्यांदेखत दुरुस्त करून तो त्याच रात्री पाठवावा.