इंदुरात नवीन आलात? लॅपटॉप जरा थांबून घ्या

इंदुरात नोकरीला किंवा शिकायला येणारी आपली मंडळी सामान लावून झालं की लगेच लॅपटॉपच्या मागे लागतात. घरूनही फोनवर तेच, ‘घेतलास का?’ माझं म्हणणं, रुजू होईपर्यंत घेऊ नका. तुमची फाइल ज्या टेबलावर जाणार, तिथे काय चालतं ते आधी विचारा आणि मग पैसे काढा.

आमच्या बिल्डिंगमध्ये सांगलीची एक मुलगी राहायला आली. येतानाच सेलमध्ये क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, घेऊन आलेली. हलकं, देखणं, चार्जरची आठवणही होऊ नये असं. नोकरी लागली एका घाऊक व्यापाऱ्याकडे, हिशेबाला. तिथे टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि टॅलीला विंडोज लागतं. शेठजींच्या डिजिटल सहीचा यूएसबी डोंगलही त्यावर चालेना. शेवटी क्रोमबुक जवळजवळ अर्ध्या किमतीत विकलं आणि दुसरा लॅपटॉप हप्त्यांवर आला. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं त्याला क्रोमबुक छान आहे. पण हे व्यापाऱ्यांचं शहर. सियागंज घ्या, कापड मार्केट घ्या, सराफा घ्या, हिशेब टॅलीवर. रुजू होण्याआधी त्या ऑफिसला एक फोन केला असता तर पोरीचे पैसे वाचले असते. म्हणून परत सांगते, आधी विचारा.

आता फॉन्ट. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण महाराष्ट्रातून आलेला जवळजवळ प्रत्येक जण इथेच आपटतो. आपल्याकडे जुन्या फाइली श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, नव्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत. इकडे टायपिंगची दुकानं, वकिलांचे मुन्शी, बरीचशी जुनी ऑफिसं कृतिदेव या हिंदी फॉन्टवर. कृतिदेव युनिकोड नाही. त्यात इंग्रजी अक्षरांनाच हिंदीचे मुखवटे चढवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली की ‘भारत’च्या जागी एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. आमच्याकडे आलेला एक मुलगा फाइल खराब झाली समजून ती तीनदा मागवत बसला. फाइलला काही झालेलं नव्हतं, फॉन्ट टाकायचा होता.

कृतिदेव टाकून वाचता येतं, पण टाइप करायला रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डची, बोटं लागतात. फोनवर मराठी लिहायची सवय असलेल्यांना ते महिनाभर जड जातं. कन्व्हर्टर मिळतात, फुकटही मिळतात, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. फाइलमधला इंग्रजी पत्ता, ईमेल, गाडीचा नंबर यांनाही कन्व्हर्टर हिंदी समजून बदलून टाकतो आणि भलतंच काहीतरी उमटतं. बदलून झाल्यावर ळ, ऱ्य, ॲ आणि रफार एकेक करून बघा. अर्ज, करारनामा असं काही द्यायचं असेल तर वर्डच्या फाइलसोबत पीडीएफही पाठवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसलेला असतो, समोरच्याला जसंच्या तसं दिसतं.

सरकारी नोकरीच्या आशेने आलेल्यांसाठी आणखी एक. एमएस-सीआयटी आणि आपल्याकडच्या टायपिंगच्या प्रमाणपत्रांवर इथे विसंबू नका. मध्य प्रदेशात डेटा एंट्री, स्टेनो, सहायक ग्रेड ३ अशा पदांना सीपीसीटी, म्हणजे तिथली संगणक आणि टायपिंगची परीक्षा, मागतात. त्यात हिंदी टायपिंग युनिकोडमध्ये असतं, इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल कीबोर्डवर. दोन्ही येत नसतील तर मी इनस्क्रिप्ट सुचवीन. कुठल्याही विंडोजमध्ये ते आयतं असतं, मराठीलाही तेच चालतं, आणि ळ शिफ्ट धरून ल दाबला की येतो. नेहमीच्या टायपिंगवाल्याला विचारलंत तर तो रेमिंग्टनच सांगेल. त्याची बोटं तिथे बसलीत, तुमची अजून कुठेच नाहीत.

ऑफिस सॉफ्टवेअरचं, म्हणजे वर्ड-एक्सेलचं काय? विंडोज नसलेला लॅपटॉप दोन-चार हजारांनी स्वस्त मिळतो, मग कोणीतरी ‘सब डाल के दूँगा भिया’ म्हणतं. इंदुरी माणूस मनाचा मोठा, शब्दाने गोड, अडीअडचणीला धावून येणारा. पण त्याचं ‘हो जाएगा’ म्हणजे आशीर्वाद असतो, गॅरंटी नव्हे. असं टाकून दिलेलं ऑफिस बहुधा काही महिन्यांनी ॲक्टिव्हेशन मागत बसतं. शिवाय सांगतात, अँटिव्हायरस बंद ठेवा. ज्या लॅपटॉपवर बँकेचं आणि जीएसटीचं काम करायचं त्यावर? आणि आपल्यातली जुनी इंदूरवासी मंडळी, जी होळकरांपासूनची नाती सांगतात, ती प्रेमाने ‘आमच्या ओळखीचं दुकान’ दाखवतात. त्यांच्या घरी जेवायला जरूर जा. लॅपटॉप घ्यायला त्यांच्यासोबत जाऊ नका, नंतर तक्रार करायला तोंड उरत नाही.

पैसे खरंच नसतील तर लिबरऑफिस घ्या. फुकट आहे आणि चोरीचं नाही. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी करा. सेव्ह करण्याचा फॉरमॅट कायमचा वर्ड-एक्सेलचा, म्हणजे डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स, करून ठेवा, नाहीतर तुम्ही लिबरऑफिसची स्वतःची ओडीटी फाइल पाठवाल आणि समोरचा विचारेल, हे काय पाठवलंय? दुसरं, ऑफिसच्या एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम, आहेत का ते विचारा. असतील तर लिबरऑफिसच्या वाटेला जाऊ नका, निम्मे चालतात आणि निम्मे रुसतात. उलटंही होतं. तुमच्याकडे नवं एक्सेल आणि साहेबांकडे २०१६ चं असेल, तर एक्सलुकअप हा नवा फॉर्म्युला लावलेली शीट त्यांच्याकडे आकडा बदलताच चूक दाखवते. व्हीलुकअप लावा, सगळीकडे चालतो. कॉलेजचा ईमेल असेल तर ऑफिस फुकट मिळतं का ते कॉलेजात विचारा. बहुतेक मुलं विचारतच नाहीत.

मशीनबद्दल थोडक्यात. रॅम ८ जीबी, एसएसडी निदान २५६ जीबी. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे एसएसडीपेक्षा हळू साठवण, असलेला छोटा लॅपटॉप फार स्वस्त दिसतो. विंडोज ११ ची किमान अट तेवढीच आहे, म्हणून तो विकता येतो. पण अपडेट आला की जागा संपते. काहींवर विंडोज ‘एस मोड’ असतो, त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप्स बसतात. तो मोड फुकट काढता येतो, पैसे देऊ नका. जुना घेणार असाल तर प्रोसेसरचा नंबर वाचा. आय५ नंतरचा आकडा ८ ने सुरू होणाऱ्या चार आकडी नंबरापासून पुढचाच घ्या, कारण इंटेलमध्ये विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून चालतं आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. हिशेबाचं काम असेल तर १५.६ इंचाचा, शेजारी आकड्यांचा कीपॅड असलेला घ्या. चौदा इंची दिसतो छान, पण व्हाउचर भरताना मनगट दुखतं.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरची दुकानं आहेत, जेल रोडलाही फिरून या. दोन ठिकाणी भाव विचारा, ऑनलाइन भाव फोनवर उघडा ठेवा. बिल पक्कं, जीएसटीचं आणि सीरियल नंबर लिहिलेलं घ्या. ‘बिना बिल के कम कर दूँगा’ म्हणाले तर पुढच्या दुकानात जा. आणि लॅपटॉपसोबत ऑफिस येत असेल तर तिथेच बसून स्वतःच्या ईमेलवर ॲक्टिव्हेट करा. दुकानातल्या पोराने घाईत स्वतःचा ईमेल टाकला तर ते ऑफिस त्याच्या खात्याला चिकटतं, आणि पुढच्या वर्षी पासवर्ड विचारायला जाल तेव्हा तो पोरगा तिथे असेलच असं नाही.