हॉस्पिससाठी मॅरेथॉन धावताना निधी कसा उभारावा

२००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन दर वर्षी जानेवारीत भरते आणि तिच्यात भाग घेणारे अनेक जण एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी पैसे गोळा करतात. ४२.१९५ किलोमीटर कसे धावावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण पैसे कसे मागावेत हे फारसे कोणी सांगत नाही. हॉस्पिससाठी, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी, मागायचे असतील तर त्याला वेगळी तयारी लागते.

पहिले काम संस्था निवडण्याचे. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्यात १९८६ साली सुरू केलेले शांती अवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिस. जिथे बरे होण्याचे उपचार संपले आहेत अशा कर्करुग्णांची तिथे विनाशुल्क काळजी घेतली जाते. पुण्यात वारज्याला सिप्लाचे उपशामक (रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) सेवेचे केंद्र आहे. तुमच्या गावाजवळच्या संस्थेत फोन करून, परवानगी घेऊन एकदा जाऊन या आणि पैसा कशावर खर्च होतो ते विचारा. वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या तुलनेने स्वस्त असतात. खरा खर्च असतो तो रात्रपाळीच्या परिचारिकांच्या पगाराचा, जखमांच्या ड्रेसिंगचा, डायपरचा आणि घरी जाऊन रुग्णाला पाहणाऱ्या पथकाच्या गाडीचा. हे ठाऊक असले की मागताना शब्द शोधावे लागत नाहीत. मॅरेथॉनच्या निधिसंकलनाचे काम युनायटेड वे मुंबई पाहते. तुमची संस्था त्यांच्याकडे नोंदलेली नसेल, तर तुम्ही धावा आणि पैसे थेट संस्थेच्या खात्यात जमा करायला सांगा. स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका.

सरावाबद्दल थोडक्यात. दहा किलोमीटर आरामात धावता येत असतील तर ऑगस्टपासून सुरुवात करावी, दर रविवारी लांबचे अंतर हळूहळू वाढवत न्यावे, शर्यतीच्या तीन आठवडे आधी ३० ते ३२ किलोमीटर एकदा धावून मग सराव कमी करावा. परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना पेडर रोडचा चढ लागतो, त्यासाठी चढाचा सराव हवाच. तासन्‌तास नुसते पाणी पिऊ नये, मीठही पोटात जायला हवे. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आता मागण्याबद्दल. दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला संदेश कोणालाच आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. एकेकाला, नावाने, आणि रक्कम सांगून लिहा: “काका, जानेवारीत मी कर्करुग्णांच्या हॉस्पिससाठी ४२ किलोमीटर धावणार आहे. शेवटच्या दिवसांत त्यांना वेदना होऊ नयेत म्हणून तिथली माणसे रात्रंदिवस झटतात. तुम्ही किलोमीटरमागे ५० रुपये, म्हणजे २,१०० रुपये द्यावेत अशी विनंती आहे.” “जमेल तसे द्या” असे म्हटले की समोरचा माणूस किती द्यावे या विचारातच अडकतो आणि शेवटी राहून जाते. आठवण एकदा करावी, फार तर दोनदा.

ज्यांच्या घरातले माणूस नुकतेच गेले आहे त्यांच्याकडे पैसे मागू नयेत असे माझे ठाम मत आहे. तुम्ही कशासाठी धावता आहात एवढे त्यांच्या कानावर घाला. त्यांना वाटले तर ते आपणहून देतील, कधी कधी गेलेल्या माणसाच्या नावानेही. रुग्णांचे फोटो मात्र कोणत्याही संदेशात वापरू नका, संस्थेने देऊ केले तरीही. त्या माणसाची अखेरची स्थिती आपल्या आवाहनाचे साधन होता कामा नये.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी आधीच स्पष्ट करा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जी ची करसवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही, म्हणून करबचतीचे आश्वासन सरसकट देऊ नका. परदेशातल्या नातेवाइकांपैकी ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. शर्यत झाल्यावर आठवड्याभरात प्रत्येकाला जमलेली एकूण रक्कम कळवा. सवलतीचे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावरच हाती येते, तेव्हा देणगीदाराचा पॅन क्रमांक देणगी देतानाच संस्थेकडे नोंदवला गेला आहे ना, एवढे विचारून ठेवा.