रोज चालवावीशी वाटेल अशी सेकंड हँड सेडान निवडताना

सेकंड हँड सेडान शोधणारे बहुतेक जण जाहिरातीतला ताकदीचा आकडा आधी पाहतात. परंतु पुण्यात वाकडहून हडपसरला किंवा ठाण्याहून अंधेरीला रोज जाणाऱ्याचा बराचसा वेळ ताशी 20 ते 60 किलोमीटरच्या वेगात जातो, आणि त्या वेगात आनंद देणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात : हलका व नेमक्या जागी पकडणारा क्लच, दुसऱ्या गिअरमध्ये पाय देताच मिळणारी ओढ, हाताला रस्ता कळू देणारे स्टिअरिंग आणि तासभर बसूनही कंबर न धरणारी सीट. निवड या गोष्टींवर करावी.

इंजिनाच्या बाबतीत टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, किती आहे यापेक्षा तो कोणत्या आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो, हे अधिक महत्त्वाचे असते. 2014 ते 2020 या काळातल्या होंडा सिटीचे 1.5 लिटर पेट्रोल इंजिन 119 पीएस ताकद देते. मात्र त्याचा 145 एनएम टॉर्क पूर्ण हाती येतो तो 4600 आरपीएमच्या आसपास. चाकणमध्ये तयार झालेल्या फोक्सवॅगन व्हेंटोचे 1.2 टीएसआय, म्हणजे जादा हवा भरणारा टर्बो असलेले पेट्रोल इंजिन 105 पीएसचेच, पण त्याचा 175 एनएम टॉर्क सुमारे 1500 आरपीएमपासून मिळू लागतो. म्हणून कागदावर दुबळी दिसणारी व्हेंटो सिग्नलनंतरच्या पहिल्या दोनशे मीटरमध्ये अधिक चपळ वाटते, तर सिटीचे इंजिन वर फिरवण्यात आणि तिचा गिअर बदलण्यात ज्याला रस आहे, त्याला सिटीच आवडेल. 2022 पासूनच्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांत 1.0 लिटरचे 115 पीएस आणि 1.5 लिटरचे 150 पीएस अशी दोन टर्बो इंजिने आहेत. त्यांतले लहान इंजिन टर्बो जागा होईपर्यंत मंद वाटते. गतिरोधकावर दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळले की हे लगेच जाणवते, आणि म्हणूनच रोजच्या गर्दीसाठी ते ऑटोमॅटिकसह घेणे मला अधिक योग्य वाटते. मारुती सियाझ प्रशस्त आहे, तिचा खर्चही कमी आहे, पण चालवण्याची हौस असलेल्याने ती केवळ स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये.

रांजणगावात बनलेली फियाट लिनिया टी-जेट आणि जुनी फोर्ड फिएस्टा 1.6 यांच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगची चव आजही अनेक शौकिनांच्या हातावर आहे, आणि त्या कमी किमतीत मिळतात हेही खरे. तथापि लिनियाचे उत्पादन बंद झाले आहे आणि फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. तेव्हा घरात दुसरी गाडी नसेल आणि या गाड्यांचा जाणकार मेकॅनिक ओळखीचा नसेल, तर एका हेडलाइटसाठी गाडी गॅरेजात अडकून पडण्याची तयारी हवी. 180 पीएसच्या स्कोडा ऑक्टेव्हिया 1.8 टीएसआयचा मोह याहून मोठा, पण दुरुस्तीचे बिल गाडीच्या आजच्या किमतीवर ठरत नाही, नव्या गाडीच्या किमतीच्या हिशेबाने येते.

मॉडेल ठरले तरी काम अर्धेच झाले, कारण चांगल्या सेडानची मजा आधी झिजते ती सस्पेन्शनमध्ये. गाडी पाहायला जाताना इंजिन आधी सुरू करून ठेवू नये असे विक्रेत्याला सांगावे आणि बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. थंड इंजिनाचा आवाज व धूर पुष्कळ काही सांगून जातात. चाचणीसाठी गुळगुळीत हमरस्ता टाळून पेव्हर ब्लॉक, खड्डे आणि गतिरोधक असलेला रस्ता निवडावा, काचा वर करून संगीत बंद ठेवावे. गतिरोधक उतरताना येणारी टकटक बहुधा सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडची किंवा लोअर आर्मच्या बुशची (रबरी तुकड्याची) असते आणि हा खर्च झेपणारा असतो. मात्र गाडी उसळून दोन-तीनदा डोलत राहिली तर शॉकअप संपलेले समजावेत. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून अडखळते का ते पाहावे आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर पकड थोडी सैल करून गाडी एका बाजूला ओढते का ते तपासावे. क्लचची परीक्षा चढावर घ्यावी : कात्रजसारख्या घाटात वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट गेलेली आहे. व्हेंटो 1.2 टीएसआय, ऑक्टेव्हिया 1.8 टीएसआय अशा सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गाड्या मात्र दहा-पंधरा मिनिटे खऱ्या वाहतूक कोंडीत चालवून पाहाव्यात, कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला थरकाप मोकळ्या रस्त्यावर लपतो. बीएस 6 डिझेल गाडी रोज चार-पाच किलोमीटरच जाणार असेल तर ती घेऊ नये; धुरातली काजळी अडवणारी जाळी तापून साफ होण्याइतका वेळ तिला मिळत नाही.

टायरच्या बाजूवरील चार अंकांत आठवडा व वर्ष असते, म्हणजे 2319 हा टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. सांगली, कोल्हापूर किंवा चिपळूण अशा पूर येणाऱ्या भागातली गाडी असेल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचे डाग आहेत का आणि सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का, हे पाहावे. मीटरवरचे किलोमीटर सर्व्हिस रेकॉर्डशी ताडून पाहावेत. तीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे पेडल रबर गुळगुळीत झालेले असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

कागदपत्रांत आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 आधी घ्यावेत, मग हस्तांतरणाचे फॉर्म 29 व 30. दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाड्यांसाठी तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच आटते. विमा आपल्या नावे करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही.

किंमत ठरवताना चार चांगले टायर, झिजलेले बुश आणि व्हील अलाइनमेंट यांचे पैसे वेगळे काढून ठेवावेत, आणि गाडी आवडली की नाही याचा अंतिम निर्णय ही कामे झाल्यानंतरच करावा.