थंडी ओसरताना: गोल्डफ्लेम स्पायरियाची छाटणी

कडाक्याची थंडी सरली, पण काडीवरचे डोळे अजून फुटलेले नाहीत, हीच स्पायरिया या फुलझुडपाच्या छाटणीची वेळ. ‘गोल्डफ्लेम’ हा जपानी स्पायरियाचा बुटका वाण, उंची साधारण दोन ते तीन फूट. पालवी फुटते ती तांबूस-नारिंगी, पुढे पिवळी होते, भर उन्हाळ्यात हिरवटपणाकडे झुकते आणि पानगळीआधी पुन्हा तांबूस-केशरी होते. सगळ्यात देखणा रंग कोवळ्या फुटीचा असतो, म्हणून जोमदार नवी फूट मिळवणे महत्त्वाचे.

छाटताना अनेकांचा हात आखडतो. फुले जातील ही भीती असते, पण या झुडपाला फुले त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात. तेव्हा मुरलेले झुडूप जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटर ठेवून बिनधास्त छाटा. फारच जुने, दाटलेले असेल तर आधी सर्वांत जाड काड्या बुडातून काढा. पहिल्या वर्षीच्या रोपाचे मात्र फक्त शेंडे खुडा, त्याला मुळे धरू द्या.

पालवी फुटल्यावर झुडपावर नजर ठेवा. मध्येच एखादा धुमारा पूर्ण हिरवा आणि बाकीच्यांपेक्षा जोरकस निघतो. तो दिसताच बुडातून काढा. अर्धवट कापलात तर तो पुन्हा हिरवाच फुटतो आणि हळूहळू रंगीत फांद्यांना मागे टाकतो.

रंगासाठी रोज किमान सहा तास ऊन हवे. सावलीत पाने हिरवी पडतात. नत्र जास्त दिले तर पाला माजतो आणि रंग फिका होतो. छाटणीनंतर बुंध्याभोवती कुजलेले खत पसरले की बहुधा पुरते.

पिवळेपणा नेहमीच वाणाचा नसतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट दिसला तर ती लोहाची कमतरता समजा. चुनखडीच्या जमिनीत ती हमखास दिसते.

कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. उन्हाळ्याच्या सुरुवातीची गुलाबी फुले सुकली की तुरे कापा. दुसरा बहर मिळतो आणि बीही पडत नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात जपानी स्पायरिया बियांतून ओढ्याकाठी आणि रानात पसरला आहे, त्यामुळे बांधावर किंवा पाण्याच्या कडेला लावणाऱ्यांनी हे काम टाळू नये.