पाकीट, नोंदवही आणि पुरावा : स्पर्धा कायद्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

लातूरच्या मोंढ्यात वडिलांबरोबर तूर घेऊन जाण्याची लहानपणापासून सवय असल्यामुळे, खरेदीदारांनी आपसात ठरवले की भाव कसा पडतो, हे कायद्याचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच मी पाहिले होते. खरेदीदार ढिगाभोवती जमत, मूठभर तूर तळहातावर घेऊन ओलावा पाहत, एक जण आकडा बोले आणि बाकीचे मुकाट्याने पुढच्या ढिगाकडे वळत. “यांचं आतून ठरलेलं असतं,” एवढेच वडील म्हणत. पुढे छत्रपती संभाजीनगरात विधी शाखेत शिकताना स्पर्धा कायद्याच्या, म्हणजे संगनमताने भाव ठरवण्यासारख्या गैरप्रकारांना आळा घालणाऱ्या कायद्याच्या, कलम 3 मध्ये विक्रीच्या भावाबरोबर खरेदीच्या भावाचाही उल्लेख असल्याचे वाचले आणि वडिलांच्या त्या वाक्याला कायद्यात जागा आहे, हे मला त्या दिवशी कळले. मी या विषयाकडे वळलो तो तेथूनच.

कायदा संमत होणे आणि तो राबवू शकणारी संस्था उभी राहणे यांत किती अंतर असते, ते आपल्याच देशाच्या अनुभवावरून नवोदितांनी आधी समजून घ्यावे. 1969 च्या मक्तेदारीविरोधी कायद्याच्या जागी 2002 चा स्पर्धा कायदा आला आणि 2003 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाची स्थापना झाली. परंतु आयोगाच्या अध्यक्षपदी न्यायाधीश असावा की प्रशासक, या मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, 2007 मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि संगनमत व बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर यांविषयीची कलमे प्रत्यक्षात 20 मे 2009 रोजी लागू झाली. कंपन्यांच्या विलीनीकरणाची तपासणी तर 2011 च्या जूनमध्ये सुरू झाली. मधल्या वर्षांत आयोगाकडे निवाड्याचे अधिकार नव्हते, तरी अभ्यास, जनजागृती आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांना वेळ मिळाला, आणि माझ्या मते तो काळ अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही.

माझे खरे शिक्षण मात्र एका संशोधन प्रकल्पात झाले. मराठवाड्यातील एका स्थानिक संस्थेच्या जुन्या निविदांच्या फायली वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका फायलीत तीन पुरवठादारांची दरपत्रके होती. कागदांवरील नावे वेगळी, पण ‘साहित्य’ हा शब्द तिन्हींत ‘साहीत्य’ असाच चुकीचा टंकलेला आणि अनामत रकमेचे तीन धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) एकाच शाखेतून काढलेले, ओळीने क्रमांक असलेले. मी हरखून गेलो आणि पाकिटे मागितली, कारण ती कोणी, कधी व किती वाजता आणून दिली हे त्यांवरूनच कळले असते. पाकिटे उघडल्याबरोबर टाकून दिली जातात आणि आवक नोंदवहीत तिन्हींची मिळून एकच ओळ लिहिली जाते, असे उत्तर तेथील लिपिकाने दिले. तुलनात्मक तक्ता नीट जपलेला होता, पण त्यात फक्त दर होते. त्या लिपिकाची चूक मी मानत नाही. या गोष्टी जपून ठेवायच्या असतात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. संस्थात्मक क्षमता हा शब्द मी तेव्हापासून याच अर्थाने वापरतो, आणि तिची सुरुवात आयोगाच्या कार्यालयाच्या कितीतरी आधी, खरेदी करणाऱ्या विभागाच्या टेबलावर होते.

धान्याच्या गोदामात किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचे प्रकरण प्रत्येक नवोदिताने मुळातून वाचावे, असे मला याच कारणाने वाटते. भारतीय अन्न महामंडळाच्या 2009 च्या निविदेत तीन कंपन्यांनी किलोला 388 रुपये हाच दर भरला होता. मात्र केवळ दर सारखा होता, एवढ्यावरच ते प्रकरण टिकले असे नाही. कंपन्यांचा उत्पादनखर्च वेगवेगळा असणे, याआधीच्या निविदांतही दर असेच जुळलेले असणे आणि महामंडळाच्या प्रवेशद्वारावरील नोंदवहीत त्यांच्या प्रतिनिधींची एकत्र नोंद असणे, अशा गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला, जरी दंड संबंधित उत्पादनाच्या उलाढालीवरच मोजावा असे सांगितले. दारावरची वही कोणीतरी नेमाने लिहीत होते, म्हणून ती उपयोगी पडली.

उलट बाजूही तितकीच ध्यानात ठेवावी लागते. माझ्या पहिल्या टिपणात मी सोयाबीनचे एकसारखे भाव पाहून संगनमत असल्याचे लिहिले होते. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ते वाक्य खोडले आणि विचारले, “सगळे खरेदीदार रोज सकाळी प्रक्रिया कारखान्यांचे जाहीर झालेले दर पाहत असतील, तर त्यांचे भाव जुळणार नाहीत का?” त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पुरावा भक्कम असूनही कार्यपद्धतीत खोट राहिली तर काय होते, ते सिमेंट प्रकरणात दिसते. आयोगाने 2012 मध्ये सिमेंट कंपन्यांना एकूण 6,300 कोटी रुपयांहून अधिक दंड केला. परंतु युक्तिवाद ऐकायला जे उपस्थित नव्हते त्या अध्यक्षांची आदेशावर सही होती, या कारणाने अपील न्यायाधिकरणाने 2015 मध्ये तो रद्द ठरवला, आणि फेरसुनावणी होऊन 2016 मध्ये नव्याने आदेश काढावा लागला. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व, म्हणजे ज्याने बाजू ऐकली त्यानेच निवाडा द्यावा यासारखे नियम, परीक्षेपुरते पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे प्रकरण आवर्जून वाचायला देतो.

मनुष्यबळाचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. तपास करणारे अनेक अधिकारी प्रतिनियुक्तीवर येतात आणि बाजारपेठेच्या व्याख्येत, म्हणजे कोणत्या वस्तू व कोणता प्रदेश मिळून एक बाजारपेठ धरायची हे ठरवण्यात, हात बसू लागला की मूळ खात्यात परत जातात. त्यांनी शिकलेले कुठे लिहून ठेवलेले नसेल तर पुढचा अधिकारी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. म्हणून नवोदितांनी कायद्याबरोबर थोडे अर्थशास्त्र, थोडी हिशेबतपासणी आणि स्वच्छ टिपण लिहिण्याची कला शिकावी. 2005 पासून संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने जमैका, केनिया अशा विकसनशील देशांच्या स्पर्धा व्यवस्थांची जी समीक्षा केली आहे, ती वाचली की आपल्या अडचणी एकट्याच्या नाहीत हेही कळते. आयोगात विद्यार्थ्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून काम करता येते. इंग्रजीच्या भीतीने मराठवाड्यातील मुलांनी ती संधी सोडू नये.

आणि प्रबंधासाठी विषय सुचत नसेल तर जवळच्या बाजार समितीकडे लेखी अर्ज करून एका हंगामाच्या लिलावाच्या नोंदी पाहाव्यात. प्रत्येक ढिगावर किती जणांनी बोली लावली, पहिला आकडा कोणाचा, शेवटचा कोणाचा आणि दोघांत फरक किती, हे रोजच्या तारखेसह वहीत उतरवावे. या नोंदी तेथे ठेवल्याच जात नाहीत असे उत्तर मिळाले, तर तेही तारखेसह लिहून ठेवावे.