पिकलबॉलचं पॅडल कसं पारखावं: आधी काटा, मग डिंक, स्मॅश शेवटी

पिकलबॉलचं पॅडल म्हणजे भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू मारायची सपाट, बिनतारांची बॅट. ते हातात आलं की बहुतेक जण हवेत दोन फटके मारतात आणि "हलकं आहे" म्हणून पैसे मोजतात. हवेत फक्त वजन कळतं, तेही अर्धवट. पॅडलचा स्वभाव उघडा पडतो तो नेटजवळच्या हळू चेंडूवर. त्यामुळे दुकानात निवड करण्यापेक्षा ओळखीच्या खेळाडूंची तीन पॅडलं एका सकाळी एकत्र आणा. दीड तास पुरतो.

तयारी

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, मोजायची टेप, पेन्सिल, वही आणि एकाच प्रकारचे तीन नवे चेंडू घ्या. हॉलमध्ये 26 भोकांचा चेंडू, उघड्यावर 40 भोकांचा. तिन्ही पॅडलांवर एकाच प्रकारची नवी ओव्हरग्रिप (मुठीवरची पातळ पट्टी) गुंडाळा. ही पायरी टाळली, तर घामट जुन्या ग्रिपचा दोष पॅडलच्या माथी बसतो.

बॅडमिंटनचं कोर्ट चालतं, कारण माप तेच आहे: 20 बाय 44 फूट. जाळी मात्र कडेला 36 आणि मध्ये 34 इंचांवर उतरवा. बॅडमिंटनची पुढची रेघ जाळीपासून साडेसहा फुटांवर असते, पिकलबॉलचं किचन (जाळीलगतचा पट्टा, जिथं उभं राहून टप्प्याआधी चेंडू मारता येत नाही) सात फुटांचं. रेघेच्या मागे सहा इंचांवर चिकटपट्टी लावा, नाहीतर सगळी मोजणी चुकेल.

नजर आणि कान

लांबी आणि रुंदी मोजा. नियमानुसार लांबी 17 इंचांपेक्षा जास्त नको आणि दोन्हींची बेरीज 24 इंचांपेक्षा जास्त नको. 16 बाय 8 इंचांचं रुंद पॅडल चुकलेला फटका सांभाळून घेतं. साडेसोळा बाय साडेसातचं लांबट पॅडल पोच आणि जोर देतं, पण चेंडू कडेला लागला की मुठीत फिरतं.

पृष्ठभागावरून अंगठा फिरवा. रॉ कार्बन (वर रंगाचा थर नसलेला कार्बन फायबर) बारीक सँडपेपरसारखा खरखरीत लागतो आणि चेंडूला फिरकी देतो. फायबरग्लास सहसा गुळगुळीत असतो आणि चेंडू जोरात उडवतो. नुसत्या "कार्बन" या छापील शब्दावर जाऊ नका, बोटाला काय लागतं ते बघा.

आता कलिंगड वाजवून बघतो तसं बोटाच्या पेरानं पॅडल ठोकत जा. एखाद्या जागी आवाज एकदम बद्द आला, तर तिथला थर सुटलाय किंवा आतला जाळीदार गाभा दबलाय असं समजा. असं पॅडल कधी चेंडू भलताच उडवतं, कधी मेल्यासारखा पाडतं. ते तुलनेतून बाजूला काढा.

वजन आणि तोल

बहुतेक पॅडलं 205 ते 240 ग्रॅमच्या आसपास भरतात. पण काट्यावरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. पॅडल पेन्सिलीवर आडवं ठेवून तोल साधा आणि मुठीच्या बुडापासून ते अंतर मोजा. समजा दोन पॅडलं 225 ग्रॅमचीच आहेत, पण एकाचा तोल 23 सेंटीमीटरवर आहे आणि दुसऱ्याचा साडेचोवीसवर. दुसरं हातात जड लागणार. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून हलवा, मग डोक्याजवळ धरून हलवा, लगेच कळेल. वजन हातापासून जितकं लांब, तितकं फिरवायला अवघड, आणि हे अंतराच्या वर्गानं वाढतं. नेटजवळच्या झटपट व्हॉलीत (टप्प्याआधीच्या फटक्यांत) मनगट थकतं ते यामुळे.

मूठ धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्याला साधारण साडेपाच इंच लांब मूठ लागते.

चेंडूवर

आता खरी परीक्षा. आधी डिंक (लाडवातला नव्हे, किचनच्या रेघेवरून समोरच्या किचनमध्ये हळू उचललेला फटका). प्रत्येक पॅडलनं 20 मारा आणि किती किचनमध्ये पडले ते लिहा. मग बेसलाइनवरून 10 ड्रॉप, म्हणजे समोरच्या किचनमध्ये हळू पडणारे फटके. त्यानंतर साथीदारानं जोरात मारलेले 10 चेंडू किचनमध्ये शांत उतरवा, म्हणजे रीसेट. ड्राइव्ह (सरळ जोरकस फटका) आणि स्मॅश सगळ्यांत शेवटी.

जाडी इथं बोलते. 16 मिलिमीटरचं पॅडल जोर शोषतं, म्हणून रीसेट सोपे जातात. 13 मिलिमीटरचं चेंडू लवकर सोडतं. ड्राइव्हला मजा येते, पण डिंक उंच उठतो. 13 चं फायबरग्लास आणि 16 चं कार्बन शेजारी ठेवून "कार्बन मऊ" असं ठरवणं ही नेहमीची चूक. फरक जाडीचाही असतो. शक्यतो एका वेळी एकच गोष्ट बदला.

फिरकी बघायला चेंडूवर मार्करनं जाड रेघ ओढा. कापून मारलेला चेंडू टप्प्यानंतर किती थबकतो तेही बघा.

पॅडलांना क, ख, ग म्हणा: पहिली फेरी क, ख, ग अशी, दुसरी ग, ख, क अशी. एका क्रमानंच खेळलात, तर हात गरम झाल्याचा फायदा शेवटच्या पॅडलला मिळतो. तिन्ही पॅडलं एकाच दिवशी तपासा. डिसेंबरच्या सकाळी बेळगावात प्लॅस्टिकचा चेंडू कडक लागतो, एप्रिलच्या दुपारी मऊ. पावसाळ्यात तर दमट हवेनं ग्रिपच निसटते.

खानापूरकडच्या तांबड्या मातीत कोर्ट असेल, तर खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांत धूळ बसते आणि फिरकी कमी होते. मोजणीआधी तो ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करा.

आवडलेलं पॅडल फक्त कडेच्या फटक्यांना फिरत असेल, तर लगेच दुसरं घेऊ नका. घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी दोन्ही कडांना तीन-तीन ग्रॅमची वजनपट्टी लावा, पुन्हा काट्यावर ठेवा आणि डिंकपासून मोजणी परत सुरू करा.