मेथड लिहिण्याआधी: ओळख की मूल्य?

पहिल्या नोकरीत रुजू झालो तेव्हा जावा या प्रोग्रामिंग भाषेतली मेथड (नाव दिलेली कृती) म्हणजे पॅरामीटर (बाहेरून मिळणारी मूल्ये) घ्यायचे आणि काम उरकायचे, एवढीच माझी समजूत होती. ती मोडली एका तारखेमुळे. करार या क्लासमधील (माहिती आणि मेथड एकत्र ठेवणारा साचा) प्रारंभतारीख मी जावाच्या जुन्या डेट क्लासमध्ये ठेवली होती आणि गेटर (माहिती वाचून देणारी मेथड) तीच तारीख जशीच्या तशी बाहेर देत असे. पुढे देयकाची मुदत काढणाऱ्या मेथडमध्ये मीच तिच्यावर सेटटाइम (तारीख जागीच बदलणारी मेथड) वापरून 30 दिवस वाढवले, आणि कराराची सुरुवातच महिनाभर पुढे सरकली. दोष सापडायला दोन दिवस गेले, कारण मी मुदतीचे गणितच पुन्हा पुन्हा तपासत होतो आणि ते अचूक होते.

जावा मेथडला ऑब्जेक्ट (क्लासवरून तयार झालेली वस्तू) देत नाही, त्याच्या रेफरन्सची, म्हणजे ते कुठे आहे हे सांगणाऱ्या दुव्याची, प्रत देते. म्हणून मेथडच्या आत पॅरामीटरला नवे ऑब्जेक्ट नेमले तर बाहेर काहीच बदलत नाही, मात्र त्याच ऑब्जेक्टचे फील्ड (त्यातली माहितीची जागा) बदलले तर ते बाहेरही बदललेले दिसते. हे वाचून पटते, पण दहा ओळींचा प्रोग्राम स्वतः चालवून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

आता क्लास लिहिण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: दोन ऑब्जेक्टमधील सगळी माहिती सारखी असली, तर ती एकच मानायची का? एकाच नावाचे दोन ग्राहक वेगळेच राहतात, म्हणजे ग्राहकाला स्वतःची ओळख असते, त्यामुळे ग्राहकाची मेथड त्याचा पत्ता जागच्या जागी बदलू शकते. रक्कम किंवा तारीख हे मात्र मूल्य आहे. तिथे फील्ड फायनल (पुन्हा नवे काही नेमता न येणारी) ठेवावीत आणि मेथडने नवे ऑब्जेक्ट परत द्यावे. 2014 मध्ये जावा 8 बरोबर आलेला लोकलडेट हा तारखेचा क्लास असाच वागतो. त्याच्या प्लसडेज या दिवस वाढवणाऱ्या मेथडने दिलेली नवी तारीख चलात ठेवायला विसरलात, तर जुनी तारीख तशीच राहते आणि कंपायलरही (कोड तपासून भाषांतरित करणारा प्रोग्राम) हटकत नाही. ही चूक मी नंतर केलीच.

मूल्याची तुलना इक्वल्स या मेथडने (माहिती सारखी आहे का हे पाहणारी) करावी, आणि इक्वल्स लिहिले की हॅशकोडही (ऑब्जेक्ट शोधण्यासाठीचा आकडा देणारी मेथड) लिहावा, नाहीतर हॅशमॅपमध्ये (किल्लीवरून नोंद शोधणारा संग्रह) ठेवलेली नोंद सापडेनाशी होते. दुहेरी बरोबरच्या चिन्हाने केलेली इंटिजरची (पूर्णांक ठेवणारा क्लास) तुलना तर विशेष फसवी आहे, कारण ते चिन्ह रेफरन्स एकच आहे का एवढेच पाहते: -128 ते 127 पर्यंतची ऑब्जेक्ट जावा साठवून पुन्हा वापरते, त्यामुळे लहान आकड्यांवरची चाचणी यशस्वी होते आणि प्रत्यक्ष वापरात 128 आला की उत्तर चुकते.

जावा 16 पासून रेकॉर्ड हा प्रकार (मूल्यांसाठीचा आटोपशीर क्लास) कायम झाला आणि यातील बरेच लिहिण्याचे श्रम वाचले. तरी रेकॉर्डमध्ये लिस्ट असेल तर कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट तयार करणारा भाग) लिस्ट-कॉपीऑफने तिची प्रत घ्यावी, कारण फायनल हा शब्द रेफरन्सला बांधतो, लिस्टमधल्या घटकांना नव्हे.